मिरगाआधी टायर पाहावा

कौंडण्यपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिराबाहेर चपलांचा ढीग पडलेला असतो. दर्शनाच्या रांगेत कंटाळा आला की मी त्या चपला वाचत बसतो. कुणाची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली, कुणाच्या अंगठ्याखालचा तळ इतका पातळ की त्यातून उजेड दिसावा, एखाद्याची डावी धडधाकट आणि उजवी पार खलास. माणूस समोर नसला तरी तो कोणत्या पायावर भार देतो, पाय ओढतो की टाकतो, हे कळतं. रुक्मिणीचं हे माहेर. इथून आषाढीला पंढरपूरला पायी जाणारी पालखी चार शतकांहून जुनी मानली जाते. वर्धेच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत किती तळवे झिजले असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

टेकडीवरून खाली उतरलं की झाडांच्या सावलीत गाड्या उभ्या असतात. त्यांचे टायर चपलांइतकेच बोलके असतात, पण वाचायला कोणी बसत नाही. आपली तपासणी म्हणजे बुटाच्या टोकाने चाकाला एक हलकी लाथ. आवाज टणक आला की हवा बरोबर. मग वाकून एक नजर: बटन (म्हणजे टायरवरची नक्षी) दिसतात ना? दिसतात. चला मग, अजून एक हंगाम निघतो. वऱ्हाडातल्या बहुतेक टायरांचं भवितव्य या पाच सेकंदांत ठरतं, आणि ते चुकीचं ठरतं असं माझं मत आहे. चूक बटन पाहण्यात नाही. बटन कशासाठी असतात हे न कळता ती पाहण्यात आहे.

जरा मागून सुरुवात करू. बंडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी असते, तिला आपण धाव म्हणतो. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतात, तापून ती फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आक्रसतं आणि तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत सगळे सांधे करकचून आवळले जातात. इंग्रजीतला टायर हा शब्दही मुळात याच पट्टीसाठी होता, चाकाचा पोशाख अशा अर्थाने. रबर पुष्कळ उशिरा आलं. कृष्णाने रुक्मिणीला रथात घेतलं आणि मागे तिचा भाऊ रुक्मी लागला, तो प्रसंग इथल्या मातीतला. ते दिवस पावसाळ्याचे नसावेत, असं मला उगाच वाटतं. मिरगानंतरच्या काळ्या मातीत लोखंडी धावेचा रथ दोन वावरांपलीकडे गेला नसता.

हवेच्या चाकाचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली घेतलं होतं, पण ते विसरलं गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा तोच शोध लावला आणि तो टिकला. सुरुवातीच्या या टायरांवर नक्षी नव्हती, ते गुळगुळीतच होते.

इथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. कोरड्या रस्त्यावर कोणता टायर जास्त चिकटून धरतो, नक्षीचा की गुळगुळीत? बहुतेक लोक नक्षीचा म्हणतात. शर्यतीच्या गाड्या कोरड्या दिवशी पूर्ण गुळगुळीत टायरांवर पळतात, कारण रबराचा जितका जास्त भाग डांबराला टेकेल तितकी पकड चांगली. नक्षी कोरली की टेकणारा भाग उलट कमीच होतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या गोट्या माती चावण्यासाठी असतात, त्यावरून आपण कारच्या टायरचाही तसाच अर्थ लावतो. कारची नक्षी रस्ता धरायला नसते. ती पाणी बाहेर काढायला असते. खोल खाचा म्हणजे नाल्या, आणि टायर म्हणजे फिरता पंप.

हा पंप किती काम करतो ते कागदावर मांडून पाहा. कारचं आणि माणसांचं मिळून वजन १२०० किलो धरलं तर एका चाकावर ३०० किलो येतात. हवा ३२ पीएसआय असेल तर एका चौरस सेंटिमीटरवर साधारण सव्वादोन किलोचा दाब पडतो. भागाकार केला की कळतं, एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग सुमारे १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका पोस्टकार्डाएवढा. चारही चाकं मिळून वहीचं मोठं पानही भरत नाही. त्या पानावर आख्खं कुटुंब ताशी ८० किलोमीटरने चाललेलं असतं. आता रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय असं धरा. १६५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला या वेगाने दर सेकंदाला जवळपास ११ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. दर सेकंदाला एक बादली, आणि तीही एकाच चाकाला. ताशी १२० वर तो आकडा साडेसोळा लिटरवर जातो.

पाणी वेळेत बाजूला झालं नाही तर ते टायरच्या पुढे पाचरीसारखं साचतं, खाली शिरतं आणि चाक उचलतं. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबला तरी काही होत नाही. विमानाची चाकं ओल्या धावपट्टीवर अशी तरंगत, म्हणून अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात याचा अभ्यास केला. त्यातून एक सोपं गणित निघालं. टायर गुळगुळीत असेल, किंवा पाण्याचा थर नक्षीच्या खोलीहून जाड असेल, तर चाक कोणत्या वेगाला तरंगेल हे मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर ठरतं. पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा आणि साधारण साडेसोळाने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. ३२ हवा असेल तर जवळपास ९४. २४ असेल तर ८१ च्या आसपास. गणित विमानाच्या चाकांचं आहे, कारचे टायर आकाराने वेगळे असतात, त्यामुळे आकडा चार-दोनने इकडेतिकडे होईल. दिशा मात्र तीच राहते. नक्षी गेली आणि हवाही कमी झाली, तर आर्वी रस्त्यावरच्या साध्या वेगातसुद्धा गाडी पाण्यावर जाऊ शकते.

आता झिजण्याकडे येऊ. नव्या कारच्या टायरवर साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल नक्षी असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९४ वा नियम कारसाठी १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर ही किमान खोली सांगतो. त्याच नियमात कापड दिसू लागलेला, फुगा आलेला टायरही अयोग्य ठरवला आहे. मोजायला पट्टी लागत नाही. मोठ्या खाचेत बोट फिरवलं की ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे बांध लागतात. हे बांध १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. नक्षी झिजत झिजत त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्याने संपला. बांध नेमके कुठे आहेत ते दाखवणारा बाण, त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं टायरच्या खांद्याजवळ असतात.

म्हणजे आठपैकी वापरायला मिळतात साडेसहा मिलिमीटर. टायर ४५ हजार किलोमीटर चालला तर एक मिलिमीटर झिजायला सात हजार किलोमीटर लागतात. गंमत म्हणून मी एकदा हे एका फेऱ्यापर्यंत नेलं. १४ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे दोन मीटरहून थोडं कमी अंतर. तेवढ्या अंतरात टायर झिजतो एक-दोन अणूंच्या जाडीइतका! कौंडण्यपूरहून अमरावतीपर्यंत तो दर फेऱ्याला एवढाच पातळ थर रस्त्यावर ठेवत जातो, आणि पाचेक वर्षांनी ती नाली बुजलेली असते. इतक्या सावकाश होणाऱ्या गोष्टी माणसाच्या नजरेला दिसत नाहीत. रोज आरशात पाहणाऱ्याला आपले केस गेलेले दिसत नाहीत, तसंच.

पण १.६ हा कायद्याचा शेवटचा आकडा आहे, सुरक्षिततेचा नाही. ब्रिटनमध्ये मायरा या संस्थेने घेतलेल्या चाचण्यांत ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर वेगाने ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून पाहिले. नव्या टायरपेक्षा १.६ मिलिमीटरच्या टायरला थांबायला तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक जादा अंतर लागलं, आणि गुळगुळीत काँक्रीटवर ते आणखी वाढलं. पकड हळूहळू कमी होते, पण ३ मिलिमीटरच्या खाली घसरण वेग घेते. म्हणून अनेक जाणकार तीन मिलिमीटरलाच टायर बदला म्हणतात. आपल्याकडे त्यावर ठरलेलं उत्तर असतं: तीनला टाकायचा म्हणजे दहा हजार किलोमीटर पाण्यात गेले. हिशेब बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे दहा हजार किलोमीटर वर्षाच्या कोणत्या महिन्यांत येतात ते पाहा.

टायर बदलण्याची तारीख किलोमीटरवर ठरवू नये, पंचांगावर ठरवावी. मृग नक्षत्र जूनच्या सात-आठ तारखेला लागतं. शेतकरी त्याच्या आधी वखर, तिफण, डवरे काढून पाहतो, लोहाराकडे नेतो. टायर त्याच यादीत घालावा. मे महिन्यात नक्षी तीन मिलिमीटर असेल, तर तो टायर दिवाळीला बदलण्यात अर्थ नाही. ज्या चार महिन्यांसाठी नक्षी लागते, तेच चार महिने आपण तिच्याशिवाय काढलेले असतात. उलट नोव्हेंबरमध्ये तीन मिलिमीटर उरली असेल, तर कोरड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तो टायर शांतपणे वापरून मेअखेर काढावा. पैसे तेवढेच लागतात.

पहिल्या पावसाचं आणखी एक. आठ महिने रस्त्यावर धूळ, इंजिनचं तेल आणि आपल्याच टायरांची ती झिजलेली भुकटी साचलेली असते. पहिली सर आली की त्याचा निसरडा लेप होतो. चांगला धो-धो पाऊस पडला की तो धुऊन जातो, तोवर भुरभुर जास्त धोक्याची. त्यात वावरातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर शंभर-दोनशे मीटर काळा चिखल सांडत जातो. तो कारच्या खाचांत भरला की आठ मिलिमीटरचा नवा टायरही थोडा वेळ गुळगुळीतच.

आता ज्या गोष्टीची वऱ्हाडात सर्वांत कमी चर्चा होते, तिच्याकडे वळतो: टायरचं वय. टायर झिजतो तसा तो म्हाताराही होतो, आणि या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. शहरातल्या टॅक्सीचा टायर दोन-अडीच वर्षांत झिजून जातो, म्हातारा व्हायला त्याला वेळच मिळत नाही. गावाकडची घरची गाडी वेगळी. लग्न, दवाखाना, बाजार, वर्षातून एकदा शेगाव किंवा पंढरपूर. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर होतात. बाकीचे दिवस ती उन्हात उभी. या गाडीची नक्षी सात वर्षांनीही तीन-चार मिलिमीटर भरते आणि मालक खूश असतो.

वय ओळखणं सोपं आहे. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चौकटीत चार आकडे असतात. २२१८ म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा, मेचा शेवट. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली असेल तर गाडीखाली मोबाइल घालून फोटो काढावा लागतो. नवा टायर घेताना दुकानातच हा आकडा पाहावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढावा, असं टायर कंपन्या सांगतात. काही गाडी-उत्पादक सहा वर्षांतच बदला म्हणतात. वऱ्हाडापुरता मी सहाच्या बाजूचा.

कारण इथलं ऊन. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचं जाळं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक घालून ते घट्ट करण्याची युक्ती सापडली, पण हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन ते जाळं हळूहळू कुरतडत राहतात. उष्णता वाढली की कुरतडणं वाढतं. त्याला आवर घालण्यासाठी रबरात मेण आणि काही रसायनं मिसळतात. टायर फिरतो, दबतो, वाकतो, तेव्हा ती आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि पातळ कवच धरतात. उभ्या गाडीच्या टायरला हा व्यायाम मिळत नाही, म्हणून न वापरलेला टायर जास्त लवकर तडकतो. (यातलंच सिक्स-पीपीडी नावाचं एक रसायन झिजलेल्या भुकटीबरोबर ओढ्यात जातं, ओझोनशी संयोग पावतं आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कोहो सॅमन माशांना मारतं, असं २०२० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. आपल्या नद्यांतल्या माशांचं काय, हा प्रश्न मग मनात येतोच.)

अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने २००७ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात एका विमा कंपनीची आकडेवारी आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांत कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरबाबतचे ७७ टक्के दावे तिथूनच आले. त्या दाव्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. त्याआधी २००० साली फायरस्टोनचे लाखो टायर परत बोलवावे लागले, कारण वरचा पट्टा चालत्या गाडीत सुटून येत होता. त्यातही उष्ण राज्यं पुढे होती, आणि कमी हवा हे वादातलं एक मोठं कारण होतं. अकोला-अमरावतीचा मे महिना ॲरिझोनाहून फार सौम्य नसतो. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा काळं डांबर साठ अंश सहज ओलांडतं, त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहिलेल्याला वेगळा पुरावा नको.

उन्हाळ्याचा विषय निघाला की एक समजूत हमखास समोर येते. आपल्याकडचे ड्रायव्हर उन्हाळ्यात हवा चार-पाचने कमी ठेवतात. ‘ऊन हाये न भाऊ, हवा फुगते, टायर फुटन.’ यातला पहिला भाग खरा आहे. पहाटे २० अंशाला ३३ भरलेली हवा दुपारी ४५ अंशाला ३७ च्या आसपास दिसेल, आणि गाडी पळवल्यावर आणखी वाढेल. दुसरा भाग उलटा आहे. ही वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेलीच असते, चांगला टायर त्याहून कितीतरी जास्त दाब झेलतो. हवा कमी ठेवली की टायरची बाजू जास्त दबते. ताशी १०० वेगाला चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं, म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला चौदा वेळा दबतो आणि सुटतो. लोखंडी तार सारखी वाकवत राहिली की बोटाला चटका बसतो, तेच इथे होतं. टायरला मारणारी ही आतली उष्णता असते. रस्ता तापलेला, हवा कमी, गाडीत सात माणसं आणि टपावर सामान, अशा वेळी टायर फुटला की खापर उन्हावर फोडलं जातं आणि पुढच्या वेळी हवा आणखी कमी टाकली जाते. खरी पद्धत साधी आहे: ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेला आकडा पाहायचा आणि तेवढी हवा सकाळी, टायर गार असताना भरायची. भर दुपारी पंपावर जाऊन गरम टायरची हवा काढायची नाही.

नायट्रोजनबद्दल दोन वाक्यं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनने ओल कमी राहते आणि गळती थोडी मंदावते, पण उन्हात तोही जवळपास तितकाच फुगतो. फुकट मिळाला तर घ्यावा, नसेल तर चुकल्यासारखं वाटून घेऊ नये.

या सगळ्याची परीक्षा गेल्या काही वर्षांत आपल्याच अंगणात आली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. कौंडण्यपूरच्या दक्षिणेला धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर हे तालुके ओलांडत तो जातो. काँक्रीटचा सरळसोट रस्ता, कारला ताशी १२० ची मुभा. खड्डे चुकवत ५० ने चालणाऱ्या टायरांना अशा चालीची सवय नव्हती. २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. मला वाटतं, महाराष्ट्रात पहिल्यांदाच इतक्या लोकांना कोणीतरी वाकून टायर पाहायला लावलं. खेड्यातला रस्ता टायरला धक्के देतो, पण थांबून थंड व्हायला वेळही देतो. समृद्धीवर तास-दोन तास एकाच वेगाने चालताना तो वेळ मिळत नाही. तरी प्रत्येक अपघात टायरच्या खात्यावर टाकू नये. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली, तेव्हा टायर फुटल्याचं आधी सांगितलं गेलं. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासात त्याला आधार मिळाला नाही.

डांबराचीही आपली एक कथा आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मान्यापर्यंतच्या टप्प्यात एका लेनचा ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अशा ताज्या, खरखरीत डांबराच्या बारीक खळग्यांत पाणी मुरतं आणि टायरचं काम हलकं होतं. वर्षं गेली, ट्रकांनी खडी घासून चकचकीत केली, की तोच रस्ता टायरकडून जास्त मागतो. रस्त्यालाही नक्षी असते आणि तीही झिजते.

झीज कशी वाचायची, ते चपलांवरून समजून घेणाऱ्याला अवघड नाही. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य उंच राहिला तर हवा सतत कमी होती. मध्य झिजला आणि कडा शाबूत तर जास्त. एकच कड, बहुधा आतली, खलास झाली तर अलायमेंट गेली आहे, आणि ही आतली कड उभ्याने दिसत नाही, चाक पूर्ण वळवून पाहावी लागते. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर चाकं एकमेकांना समांतर नाहीत, टायर रोज थोडा थोडा फरपटतोय. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे पाहा. वऱ्हाडात अलायमेंट लवकर बिघडतं यात नवल नाही. आपली काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसून हातभर भेगा टाकते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी श्वास घेतल्यासारखा खाली-वर होतो, खचतो, लाटा धरतो, आणि प्रत्येक लाटेचा हिशेब गाडीच्या पुढच्या जोडांना द्यावा लागतो. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे करावेत, तेव्हाच अलायमेंट पाहून घ्यावं.

चार एकदम परवडत नाहीत, दोनच घ्यायचे असतात, तेव्हा ते कुठे लावायचे यावर प्रत्येक दुकानात वाद होतो. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे, म्हणून नवे टायर पुढे, हा आपला न्याय. तो तर्काला धरून वाटतो आणि तरी चूक आहे. पावसात पुढची चाकं सुटली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. पाय उचलला की वेग उतरतो आणि पकड परत येते, घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो. मागची सुटली तर शेपूट पुढे यायला लागतं आणि पाय उचलला की भार पुढे जाऊन ते जास्तच फिरतं. सावरायला कसलेला हात लागतो. म्हणून नवे दोन मागे लावावेत. दुकानदार हसला तरी लावावेत.

जुन्या टायरांचं पुढे काय होतं? ट्रकचे रिमोल्ड होतात, त्यांचा सांगाडा त्यासाठीच मजबूत बांधलेला असतो. कारच्या गुळगुळीत टायरवर खाचा कोरून ‘नक्षी’ पाडून विकणारे मात्र भेटले तर हात जोडावेत. त्या खाचा आतल्या पट्ट्यांवर उरलेल्या शेवटच्या रबरातच कोरलेल्या असतात. खरी दुसरी नोकरी मिळते ती बंडीवर. लाकडी चाकं आणि धाव जाऊन बऱ्याच बंड्या आता जुन्या कार-जीपच्या टायरांवर चालतात. बैलाच्या चालीला पाणी तरंगवत नाही आणि रबर तापत नाही, तिथे टक्कल पडलेला टायरही वर्षानुवर्षं चालतो.

२०२५ च्या मे महिन्यात मावसभावाबरोबर कौंडण्यपूरला गेलो होतो. गाडी २०१८ ची, चाललेली २९ हजार किलोमीटर. परतताना पंक्चरवाल्याकडे थांबलो आणि मी चारही टायर बदलायला हवेत म्हणालो. तो खाली बसला, खाचेत नख घातलं आणि माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

‘बटन त पुरे हायेत, भाऊ. कायले बदलता?’

मी त्याला बाजूवर टॉर्च मारायला सांगितलं. रिमच्या जवळ आणि खांद्यावर केसाएवढ्या भेगांची जाळी होती, उन्हात सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखी. आकडा २२१८. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘हे त मी पाहातच नाई कधी.’ मावसभावाने शेवटची अडचण काढली: निदान स्टेपनी तर कोरी आहे, ती पुढे लावू, म्हणजे तीनच घ्यावे लागतील. डिकी उघडली. स्टेपनीने खरंच कधी रस्ता पाहिला नव्हता, साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केससुद्धा तसेच होते. पंक्चरवाल्याने स्वतःच टॉर्च मारली आणि आकडा मोठ्याने वाचला. बावीस, अठरा. मग त्याने हवा मोजली. चौदा होती.